छोटी गाडी मागं घ्या

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायलेय. लग्नावरून घरी येऊन दोन तास झाले, साडी बदलली, चहा झाला, पोरांना अभ्यासाला बसवलं, तरी ते एक वाक्य कानातनं जाईना. "छोटी गाडी मागं घ्या, पुढं मोठ्या गाड्या लागणारेत."

सोलापुरात अक्कलकोट रोडला एक लॉन आहे, नाव घेत नाही. शाळेतल्या एका मॅडमच्या भाच्याचं लग्न, सव्वाबाराचा मुहूर्त. गाडीत आम्ही पाच जण, मी चालवायला, शेजारी आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले, मागं हे आणि दोन्ही पोरं. आत शिरल्यावर मांडवाच्या दाराला लागून दहा-बारा गाड्यांची जागा मोकळी दिसली, मी तिकडं वळवली तर सिक्युरिटीवाला शिट्टी फुंकत पळत आला आणि ते वाक्य. मी म्हटलं दादा, म्हाताऱ्या माणसाला चालवत नाही, निदान इथं उतरू तरी द्या. तो माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. माझ्यामागं एक पांढरी उंच गाडी हॉर्न मारत होती, तिला हात करून बोलवत होता. मागं घ्या म्हणजे कुठं, तर जेवणाच्या मांडवाच्याही पलीकडं, जिथं केटरर्सचा टेम्पो आणि जनरेटर उभा होता. सगळी मोठी खडी टाकलेली. तिथनं आत्याबाई एका हातानं माझा दंड आणि दुसऱ्या हातानं लुगडं धरून, चप्पल घसरत घसरत, पंधरा मिनिटं चालत आल्या. अक्षता पडून गेल्या होत्या.

वाटेत त्या एकदाच बोलल्या. "आपली गाडी बारकी हाय म्हणून व्हय गं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

आता ही बारकी गाडी आमच्याकडं कशी आली ते सांगते, म्हणजे मला एवढं का लागलं ते कळेल. आत्याबाई तरुणपणी दर कोजागिरीला तुळजापूरला चालत जायच्या. सोलापूरकरांना सांगायला नको, रूपाभवानीच्या देवळापासनं निघायचं, रात्रभर चालायचं, ४५ किलोमीटर, सकाळी घाट चढून आईच्या पायाशी. सतरा-अठरा वर्षं केलं त्यांनी हे, एकदा तर माझ्या नणंदेला कडेवर घेऊन. मग गुडघे गेले. चालणं सोडाच, एसटीची पहिली पायरी चढता येईना. एसटीची ती पायरी किती उंच असते ते ज्याचं गुडघं दुखतं त्यालाच माहीत. एकदा स्टँडवर आम्ही दोघांनी खालनं ढकलून वर चढवायला बघितलं, मागनं लोक घाई करायला लागले, त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, राहू दे. त्यानंतर नऊ वर्षं तुळजापूर नाही. नऊ वर्षं. ४५ किलोमीटरवर असून.

२०१२ ला आम्ही गाडी घेतली ती ह्याच एका गोष्टीसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर कमेंटमध्ये तेवढ्यावरनंच सुरू होईल. तीन सिलिंडरची, हजार सीसीच्या आतली, उंच टपाची. शोरूममध्ये मी मायलेज विचारलं नाही का रंग विचारला नाही, आत्याबाईंना घेऊन गेले आणि म्हटलं ह्यांना बसवून बघू. दोन-तीन गाड्या बघितल्या. एकीत सीट एवढं खाली की बसल्यावर उठता येईना, दुसरीत डोकं वाकवावं लागायचं. ह्या गाडीत त्या पाठ फिरवून नुसत्या टेकल्या, खुर्चीवर बसावं तशा, आणि पाय आत घेतले. कुणाचा हात लागला नाही. तिथंच ठरलं.

ह्यांना गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून क्लास मी लावला, ३६ व्या वर्षी. मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, लायसन्स येऊन महिनाही झाला नव्हता, आम्ही तुळजापूरला निघालो.

घाटाचं पुढं सांगते. आधी आजचं संपवू दे.

जेवताना पंगतीला समोर एक पाव्हणे बसले होते, लांबच्या नात्यातले. मी पार्किंगचं सांगितलं तर म्हणतात, "मॅडम, बदला की आता. दोघंबी नोकरीला हाय, स्टेटसला शोभत न्हाई ती गाडी." आणि आजूबाजूच्या चार माणसांनी माना हलवल्या! म्हणजे चूक त्या गेटवाल्याची नाही, माझी. मी मोठी गाडी घेतली नाही म्हणून ७८ वर्षांच्या बाईनं खडीवरनं चालायचं. मला त्या क्षणाला ताट सोडून उठावंसं वाटलं, आत्याबाई शेजारी होत्या म्हणून गप बसले.

मी गणित शिकवते, सहावी-सातवीला. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हे की गाड्यांची मापं काढून बघितली. नेक्सॉन घ्या, व्हेन्यू घ्या, सोनेट घ्या, सगळ्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर. एकसारखी. हा योगायोग नाही. २००६ च्या बजेटात सरकारनं रेघ मारली की चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत, तिला छोटी गाडी म्हणायचं आणि एक्साइज कर २४ टक्क्यांचा १६ करायचा. तेव्हापासून कंपन्या पाच मिलिमीटर कमी ठेवून गाड्या बनवायल्यात. आत्ता २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ झाला तो पण ह्याच रेघेवर. म्हणजे मांडवाच्या दाराशी मानानं उभ्या असलेल्या गाड्यांतल्या कितीतरी गाड्या सरकारच्या कागदावर छोट्याच. आमची ३६०० मिलिमीटरच्या आसपास भरते. फरक ४०० मिलिमीटर. सव्वा फुटाच्या वर थोडासा. उंचीला तर आमची त्यांच्याएवढीच आहे, कदाचित बोटभर जास्तच. सव्वा फुटासाठी माझ्या सासूला मागं पाठवलं.

बरं, त्या गेटवरच्या माणसाला तरी काय बोलू. त्याला मालकानं जे सांगितलं ते तो करणार, दिवसभर उन्हात उभा, संध्याकाळी बिचारा सायकलीवर घरी जात असेल. निघताना मीच त्याला पाणी पिताना बघितलं, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. राग त्याच्यावर नाही. राग त्यावर आहे की त्याला कुणीतरी असं शिकवलंय आणि ते कुणालाच चुकीचं वाटत नाही.

माझं माहेर मंगळवेढा. लहानपणी गावात एका डॉक्टरांकडं फियाट होती, आणि मग कुणीतरी मारुती ८०० आणली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातनं पहिल्या गाडीची चावी दिली गेली, आमच्या गावात ती पोचायला आणखी काही वर्षं गेली असतील. ७९६ सीसी. तिच्यात मी सात माणसं बसलेली मोजलीत, मांडीवरची पोरं वेगळी. बाळंतीण आणायला तीच, नवरा-नवरी काढायला तीच, अख्ख्या गल्लीचं निकडीचं दवाखान्याचं काम तीच. तिला कुणी छोटी गाडी म्हटलेलं मला आठवत नाही. तिला "मारुती" म्हणायचे, आणि ज्याच्या दारात असेल त्याला चार लोक जास्त ओळखायचे. जानेवारी २०१४ मध्ये ती बंद झाली तोपर्यंत तीस वर्षं तिनं लोकांना दुचाकीवरनं उचलून छताखाली आणलं. मग हे "छोटी गाडी म्हणजे कमीपणा" कधी शिरलं आपल्यात?

नॅनोचं आठवतं का? मला त्याचं अजून वाईट वाटतं. एका स्कूटरवर नवरा-बायको आणि पोरं पावसात भिजत चाललेली बघून रतन टाटांच्या मनात ती गाडी आली. जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली, एक लाखाची गाडी, ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागं. अख्खं जग बघत होतं. आणि २०१८ ला संपली. का? कारणं पुष्कळ सांगतात लोक, पण मला विचाराल तर तिच्यावर "सगळ्यात स्वस्त" हा शिक्का बसला आणि तो शिक्का घेऊन कुणाला लग्नाला जायचं नव्हतं. टाटांनी स्वतः नंतर म्हटलंय की स्वस्त म्हणून ती विकली गेली ही चूक झाली. ज्यांच्यासाठी बनवली ते लोक भिजत बाइकवर राहिले, पण "स्वस्तातली घेतली" हे ऐकून घ्यायला तयार झाले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. आज मला पंगतीत बसून कळलं त्यांना काय काय ऐकावं लागलं असतं.

सेफ्टीचं म्हणाल तर ते बरोबर आहे, आमच्या गाडीला एकही एअरबॅग नाही, मोठा ट्रेलर शेजारनं गेला की गाडी हलते आणि रात्री मी हायवेला नेत नाही. मान्य. पण पाव्हणे सेफ्टीचं बोलत नव्हते, ते शोभेचं बोलत होते.

आणि शोभेची किंमत मी बघितलीय. ओळखीतल्या एका घरात, दोघंही चांगले कमावते, सात वर्षांच्या हप्त्यावर मोठी गाडी आणली. हप्ता एवढा की दुसऱ्या वर्षी मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायला पतसंस्थेत अर्ज. गाडी कव्हर घालून उभी, कारण नवी पेठेत लावायला जागा मिळत नाही आणि भवानी पेठेतल्या बोळात वळत नाही, म्हणून बाजाराला रिक्षानं जातात. ती वहिनी माझ्याजवळ रडलीय. ती गाडी तिला नको होती. तिच्या दिराकडं तशी होती म्हणून घरात आली.

आमच्या गाडीनं काय केलं ते सांगते. माझी शाळा मंद्रूपच्या पुढं आहे. रोज सकाळी सैफुलला तीन मॅडम उभ्या असतात, आम्ही चौघी एका गाडीत अप-डाऊन करतो, महिन्याच्या शेवटी पेट्रोलचे चार भाग. नऊ वर्षं झाली. मागच्या सीटवर पेपर तपासून झालेत, एकीनं एम.ए.चा अभ्यास केलाय, एकीला आठवा महिना लागेपर्यंत ती शाळेत येत होती कारण एसटीच्या धक्क्यातनं तिला यायला डॉक्टर नको म्हणाले होते आणि आमच्या पुढच्या सीटवर उशी ठेवून यायला हो म्हणाले. ती पोरगी आता बालवाडीत जायली. विजापूर रोडला पहाटे धुकं असतं तेव्हा चौघी गप असतो, परत येताना चौघी एकदम बोलतो. त्या गाडीत जेवढं रडलोय आणि हसलोय तेवढं स्वतःच्या घरात नाही.

माहेराहून दरवर्षी मालदांडी ज्वारी येते. मागचं सीट पाडलं की दोन पोती बसतात, त्यावर हुरड्याची पिशवी, त्यावर आईनं दिलेलं शेंगाचटणीचं डब्बं. सीटवर कव्हर म्हणून सोलापुरी चादर आहे, तेरा वर्षांत तिसरी. स्टिअरिंगवर टॉवेल, कारण एप्रिलमध्ये शाळा सुटल्यावर त्याला हात लावता येत नाही, पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो.

खर्च नाही असं नाही. एसीला दोन उन्हाळ्यांआड गॅस, दारांची रबरं उन्हानं तडकलीत, क्लच प्लेट दोनदा झाली. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी नंबर प्लेट लावा म्हणाले, लावली, ७४५ रुपये आणि वर जीएसटी. २०२७ ला पंधरा वर्षं भरतील, मग पुन्हा पासिंग, त्याची फी पूर्वी ६०० होती ती २०२२ पासनं ५,००० झालीय, वर ग्रीन टॅक्स. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, उसाला भाव मिळावा असं मलाही वाटतं, माझ्या भावाचा ऊस आहे, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलएवढी ताकद नसते आणि आमची गाडी त्याच्या आधीची, १८ देणारी १६ वर आलीय. लष्कर भागातले आमचे मिस्त्री म्हणाले पेट्रोलचे पाइप बघत राहा ताई, बाकी इंजिनाला काही झालेलं नाही, अजून दहा वर्षं बघायला नको. ते बोनेट उघडून असं बोलतात तेव्हा मला माझ्या पोराचं प्रगतिपुस्तक बघितल्यासारखं होतं.

आता घाटाचं.

तामलवाडी गेली, घाट सुरू झाला. पाच माणसं, डिकीत नैवेद्याचं सामान, मी नवीन. पहिल्या वळणाला दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हायला लागली, मी एसी बंद केला, काचा खाली केल्या. दुसऱ्या वळणाला पुढचा ट्रक थांबला म्हणून मी थांबले आणि निघताना गाडी बंद पडली. परत चालू केली, परत बंद. गाडी वीतभर मागं सरकली. मागनं जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, हे मागनं "हँडब्रेक, हँडब्रेक" म्हणायलेत, पोरगं रडायलंय, माझे हात घामानं ओले. मी रडायच्या बेतात होते. आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सावकाश घे. आई कुठं पळून जायली व्हय?"

मी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, क्लच सोडत सोडत जिथं गाडी थरथरली तिथं हँडब्रेक सोडला. गाडी चढली. पुढच्या वळणाला त्यांनी काचेतनं बोट बाहेर काढून एक दगड दाखवला. कोजागिरीला चालत यायच्या तेव्हा तिथं बसायच्या म्हणे, पायाचे फोड बघायला. वर पोचेपर्यंत त्या बाहेरच बघत होत्या आणि एकेक जागा सांगत होत्या, इथं चहा, इथं पाऊस लागला होता, इथं तुझ्या नणंदेचं बूट हरवलं. तेरा वर्षं मी ह्या घराची सून होते तोपर्यंत, ह्यातलं एकही मला माहीत नव्हतं. महाद्वारातनं खालच्या पायऱ्या त्या बसत बसत उतरल्या, पाऊण तास लागला, आणि वर आल्यावर स्वतःला कुंकू लावायच्या आधी गाडीला लावलं.

आज त्याच बाईनं मला विचारलं, आपली गाडी बारकी हाय म्हणून व्हय गं.

मघाशी लिहायला बसले तेव्हा त्या लॉनचं नाव टाकणारच होते. हे नको म्हणाले आणि आता मलाही नको वाटायलंय. पण ज्यांच्या घरी ह्या सीझनला लग्न आहे त्यांनी मेहेरबानी करून गेटवरच्या माणसाला एवढं सांगा की गाडीच्या आत बघ. काठीवाला असेल, पोटुशी असेल, त्याला दारात उतरू दे, मग गाडी पार केगावला लावायला सांग, आम्ही लावू.

आत्याबाईंचे पाय सुजलेत. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात ठेवून बसल्यात माझ्यासमोर. आत्ता म्हणाल्या, लई दिवस झालं तुळजापूरला गेलो न्हाई, मंगळवारी जमंल का. शाळेची रजा टाकते. उद्या येताना टायरात हवा भरून घेते.